बसायची जागा

जगात आजवर जेवढी माणसं कुठे ना कुठे बसली असतील, त्यांच्यात माझ्या पहिल्या साहेबांइतका विचार करून कोणीही बसलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. तुम्ही-आम्ही काय करतो, पाय दुखत असतात, खुर्ची दिसते, बसतो. साहेबांचं तसं नव्हतं. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा विजेची बटणं आणि स्विच बनवणारा कारखाना होता आणि कोपऱ्यावर एक उडुपी हॉटेल होतं. तिथे जेवायला गेलं की साहेब आधी दारात थांबत, मग आत एक फेरी मारून येत, आणि आम्ही तीन-चार जण हातात पाकिटं धरून त्यांच्या निर्णयाची वाट बघत उभे राहत असू. पाठीशी भिंत हवी. समोर दार दिसायला हवं, पण दारातून आत येणाऱ्याला आपण लगेच दिसता कामा नये. उठून जायला दोन वाटा हव्यात. खाण्याची जागा, म्हणजे इथे स्वयंपाकघर, फार लांब नको आणि फार जवळ तर नकोच, कारण जिथे खाणं जवळ असतं तिथे सगळेच येतात. या सगळ्या अटी पुऱ्या करणारं टेबल त्या हॉटेलात एकच होतं आणि ते हात धुवायच्या बेसिनला चिकटून होतं. त्यामुळे माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं मी दुपारचं जेवण लोकांच्या गुळण्यांच्या आवाजात घेतलं. साहेब मात्र अतिशय समाधानाने सांबार ओरपत आणि म्हणत, "बघ, आपल्याकडे कोणाचं लक्षच नाही." ते खरं होतं. वेटरचंसुद्धा नव्हतं.

ते स्टोअर्सचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी माझं टेबल कुठे ठेवायचं यावर त्यांनी अर्धा दिवस घालवला. दोन पोरं टेबल उचलून इकडून तिकडे करत होती आणि साहेब प्रत्येक जागी उकिडवे बसून, मान वळवून चारी बाजूंना बघत होते. शेवटी एक कपाट, एक खांब आणि बंद पडलेला कूलर यांच्या मधल्या खोबणीत त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं, इथे तुला कोणी त्रास देणार नाही. नाहीच दिला. हेड ऑफिसचे लोक येत, सगळ्यांची विचारपूस करत आणि जात. दुसऱ्या वर्षी बढतीची यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं, आणि चौकशी केली तेव्हा कळलं की स्टोअर्समध्ये आणखी एक मुलगी आहे हेच वरच्या कोणाला माहीत नव्हतं. मी साहेबांकडे तक्रार घेऊन गेले. ते मनापासून खूश झाले. जागा निवडली तेव्हाच मला खात्री होती, म्हणाले. नंतर त्यांनी स्वतः वर जाऊन भांडून माझं काम करून दिलं, हेही सांगायला हवं. पण टेबल हलवलं नाही.

हे सगळं एका पक्ष्यापासून सुरू झालं होतं, आणि तो पक्षी साहेबांनी जन्मात पाहिलेला नव्हता. मी लागायच्या कितीतरी वर्षं आधी कारखान्यात परदेशातून एक मशीन आलं. त्याच्या खोक्यात भरणा म्हणून चुरगाळलेले कागद कोंबले होते. साहेब तेव्हा साधे कारकून होते आणि खोकी उघडून माल मोजून घेणं हे त्यांचं काम. त्या कागदांत त्यांना कुठल्याशा इंग्रजी मासिकाची तीन पानं सापडली. जंगलातली टर्की अंडी घालायला जागा कशी निवडते, हा त्या लेखाचा विषय. सुरुवात नव्हती, शेवट नव्हता, मधलीच पानं होती. साहेबांनी ती इस्त्रीने सपाट केली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पाठ केली. टर्की म्हणजे चांगली थोरली कोंबडी, पण झाडावर घरटं बांधत नाही. जमिनीवरच उथळ खळगा करते, वाळका पाला ओढून घेते आणि अठ्ठावीस दिवस त्यावर बसून राहते. एवढं मोठं अंग आणि अठ्ठावीस दिवस, म्हणजे जागा चुकली तर संपलंच. म्हणून ती पाठीला झाडाचं खोड नाहीतर पडलेली फांदी बघते, बसल्यावर डोक्याइतका आडोसा बघते, समोर थोडं मोकळं बघते, पाणी कुठे आहे ते बघते. साहेब हे सांगताना त्यांचा आवाज खाली येत असे. एवढा विचार, म्हणत, एवढा विचार आपल्यापैकी कोण करतं?

टर्की मुंबईत नसल्यामुळे त्यांनी तिच्या जवळच्या नातेवाईकांवर भागवलं. बोरिवलीच्या जंगलात रानकोंबड्या आहेत, तित्तरासारख्या दिसणाऱ्या चकोत्री आहेत, त्याही जमिनीवरच अंडी घालतात. दर वर्षी थंडी संपता संपता साहेब रविवारी पहाटे पार्ल्याहून निघून तिकडे जात. पण ते पक्षी बघायला जात नसत. पक्षी दिसला तर उलट तोंड फिरवत. ते जागा बघत. इथे ती बसेल, असं वाटलं की पालथे पडून, हनुवटी जमिनीला टेकवून कोंबडीच्या उंचीवरून चारी बाजू बघायच्या आणि वहीत खुणा करायच्या. मग ऐन अंड्यांच्या दिवसांत, जेव्हा सगळे पक्षीवेडे गळ्यात दुर्बिणी अडकवून जंगलात असत, साहेब घरी असत. माणूस गेला की त्याच्या वाटेने मुंगूस जातं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि कोणाच्या संसारात मुंगूस सोडायची त्यांची इच्छा नव्हती. जूनच्या तोंडाशी, पिल्लं निघून गेली असतील असा हिशेब करून ते पुन्हा जात आणि आपल्या जागांवर अंड्यांची टरफलं शोधत. एवढ्या वर्षांत त्यांना स्वतःच्या जागेवर एकदाही टरफल मिळालं नव्हतं.

या रविवारांना माझा नवरा आणि मी बोरिवलीला राहत असल्यामुळे सोबत ओढले जात असू. एकदा साहेब करवंदीच्या जाळीखाली असे पालथे पडले होते, आम्ही पाण्याची बाटली भरायला मागे राहिलो होतो. तेवढ्यात सहलीला आलेल्या एका कुटुंबाने त्यांना पाहिलं, म्हातारा चक्कर येऊन पडला म्हणून आरडाओरडा केला, एक गार्ड धावत आला आणि त्याने काठीने हलकेच ढोसून बघितलं. आम्ही पोचलो तेव्हा त्या कुटुंबातल्या बाई साहेबांच्या मानेवर गार पाणी ओतत होत्या आणि साहेब जमिनीला तोंड लावूनच त्यांना सांगत होते की मी पडलेलो नाही, मी बसलोय. आणखी एका वर्षी त्यांना खरोखरच रानकोंबडीची टरफलं सापडली, पण त्यांच्या जागेपासून बारा पावलांवर, रहदारीच्या पायवाटेला लागून. तिथे एक सिमेंटचं बाक होतं, त्यावर बसून लोक वेफर्स खायचे. बाकाच्या मागेच, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, त्या कोंबडीबाईने महिनाभर बसून आपलं काम उरकलं होतं. साहेब त्या बाकावर बसले. मग त्यांनी वहीत लिहिलं, "पक्षी अननुभवी असावा."

आता हे वेड रविवारपुरतं राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण साहेबांना स्वतःचं घर नव्हतं. पार्ल्यात एका जुन्या इमारतीत, अकरा महिन्यांच्या करारावर, ते आणि काकू बावीस वर्षं राहत होते. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला कमी, आणि गुडघ्यांनी हैराण. मुलगी लग्न होऊन नाशिकला. या बावीस वर्षांत साहेबांनी विकत घ्यायला म्हणून जे फ्लॅट बघितले, त्यांत एक मध्यम आकाराचं गाव वसलं असतं. प्रत्येक फ्लॅटच्या प्रत्येक खोलीत, प्रत्येक कोपऱ्यात ते उकिडवे बसत. एजंटला बाहेर पाठवून जिन्यावरून चालत यायला सांगत आणि आपण त्याला कधी दिसतो ते बघत. मग कारण निघे. पाठीमागून उघडं आहे. आडोसा जास्त झाला, बाहेरचं काही दिसत नाही. बाहेर पडायला वाट एकच. पाणी लांब. एका एजंटने नंतर मला विचारलं होतं की साहेबांवर कसली केस वगैरे आहे का. काकू सुरुवातीला बरोबर जात, मग जायच्या बंद झाल्या. मी एकदा त्यांच्याकडे पोहे खात होते, साहेब आतल्या खोलीत नव्या फ्लॅटचा नकाशा जमिनीवर पसरून त्यावर वाकले होते. काकूंनी माझ्या बशीत लिंबाची फोड ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "कोंबडी निदान वर्षातून एकदा तरी बसते गं."

तर अशी परिस्थिती असताना, आठ-नऊ वर्षांपूर्वी, दोन गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. पार्ल्याच्या इमारतीच्या मालकाने इमारत पाडायचं नक्की केलं आणि पावसाच्या आत खोल्या रिकाम्या करा म्हणून सांगितलं. साहेब जूनअखेर निवृत्त व्हायचे होते; वर्ष-दोन वर्षं मुदतवाढ मिळेल अशी बोलणी चालली होती, पण नक्की नव्हती. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कारखान्याच्या मागच्या यार्डात टिटवीने अंडी घातली.

यार्ड म्हणजे माल चढवायला ट्रक यायचे ती मोकळी जागा. ट्रक फाटकातून आत येई, गोल वळण घेई आणि मग मागे मागे येत माल चढवायच्या ओट्याला, म्हणजे धक्क्याला लागे. दिवसाला दहा-बारा ट्रक. त्या वळणाच्या बरोबर मधोमध, जिथे चाकं जात नसत, तिथे उघडी छत्री ठेवावी एवढा खडीचा तुकडा उरला होता. वर सावली नाही, मागे भिंत नाही, आजूबाजूला गवताची काडी नाही. त्या खडीवर चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची, दोन हातांवरूनही खडीतून वेगळी ओळखू येऊ नयेत अशी. ती पहिल्यांदा बघितली परबांनी. परब आमचे वॉचमन, मालवणकडचे, आयुष्याची पंचवीस वर्षं त्या फाटकावर काढलेले. त्यांनी मला बोलावलं, मी साहेबांना बोलावलं. मला वाटलं होतं, साहेबांना आनंद होईल. इतकी वर्षं जंगल धुंडाळलं आणि आता जमिनीवर बसणारी एक आई स्वतःच चालून ऑफिसात आली. साहेबांनी हाताची घडी घातली, अंड्यांकडे बघितलं, दूर उभं राहून आमच्या नावाने ठणाणा करणाऱ्या टिटवीकडे बघितलं आणि म्हणाले, "ही जागाच नाही." मग त्यांनी त्या जागेचे दोष एकेक करून सांगितले. कोणाला सांगितले ते नीट कळलं नाही, पण त्यांचं तोंड टिटवीच्या दिशेला होतं.

दोन दिवसांत ती सोडून जाईल, असं त्यांचं भाकीत होतं. ती गेली नाही. तिचा नवराही होता, दोघं पाळीपाळीने बसत. ट्रक आला की बसलेला पक्षी मान खाली घाली, चाक चार फुटांवरून जाई, पक्षी पुन्हा मान वर करी. आमच्याच्याने ते बघवेना. परबांनी त्या तुकड्याच्या दोन बाजूंना दोन निळी प्लॅस्टिकची पिंपं उभी केली आणि वर लाल फडकं बांधलं, म्हणजे ड्रायव्हरला दिसेल. साहेबांनी पाहिलं आणि पिंपं काढायला सांगितली. तिने जागा निवडली तेव्हा पिंपं नव्हती, आता ही जागा तिची राहिली नाही, आणि पिंपावर कावळा बसेल, असं त्यांचं म्हणणं. परब ऐकेनात, आणि मीही परबांच्या बाजूने बोलले. चाकाखाली जाण्यापेक्षा कावळा परवडला, असं काहीतरी मी म्हटल्याचं मला आठवतं. साहेबांनी हुकूम करायला हवा होता; यार्ड त्यांच्या ताब्यात होतं. पण इतकी वर्षं चुकलेल्या माणसाचा स्वतःच्या म्हणण्यावर फार भरवसा नसतो. ते आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक कुत्रा फाटकातून आत डोकावला. बसलेली टिटवी किंचाळत त्याच्या अंगावर गेली. तेवढ्यात पिंपावर बसलेला कावळा खाली उतरला, एक अंडं उचललं आणि शेजारच्या शेडवर जाऊन बसला. मी खिडकीतून बघत होते आणि साहेब माझ्या मागे उभे होते. मी म्हणतच होते की सॉरी वगैरे, तर ते बाहेर गेले, दोन्ही पिंपं त्यांनी स्वतः आडवी करून ढकलत भिंतीपाशी नेली आणि परत येताना चुन्याची पिशवी घेऊन आले. ट्रकची चाकं ज्या रेषेने वळत, ती रेष त्यांनी चुन्याने आखली. त्या दिवसापासून ट्रक आला की साहेब धक्क्यावर उभे राहून हाताने वळण दाखवायचे. एका ड्रायव्हरने विचारलं, साब, इतना बडा यार्ड है, इसको यहींच जगह मिली? साहेब म्हणाले, तेच तर मला कळत नाही. उन्हाने त्यांचं नाक सोलवटलं. भर दुपारी टिटवी मागच्या नाल्यावर जाऊन पोट भिजवून येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे, म्हणजे अंडी तापू नयेत. ते पाहिल्यावर साहेब मला येऊन सांगत, "पुन्हा भिजून आली," आणि परत जात.

याच दिवसांत काकूंचा मला फोन आला. तारीख जवळ आली होती आणि साहेब फ्लॅटचं नाव काढत नव्हते. काकू रडवेल्या वगैरे नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या की आता मला बांधाबांध करायची आहे आणि कुठल्या घरासाठी बांधायची ते माहीत नाही. तू त्यांना येत्या रविवारी आण. मी साहेबांना सांगितलं. ते हो म्हणाले, पण त्यांचं लक्ष यार्डात होतं.

त्या आठवड्यातच तो प्रकार झाला. भर दुपार होती. साहेब धक्क्यावरून उतरले, अंड्यांपासून वीसेक पावलांवर गेले, आणि पांढऱ्या शर्टासकट, पेनासकट, खडीवर पालथे पडले. हनुवटी टेकली. फाटकातून आत येणारा ट्रक तिथेच थांबला. त्याच्या मागे दुसरा थांबला. शेडमधली माणसं बाहेर आली. आणि दुसऱ्या ट्रकच्या मागे हॉर्न वाजला, ती कारखान्याच्या मालकांची गाडी होती. आत दोन पाहुणे होते, माल बघायला आलेले. मालक उतरून चालत आत आले, साहेबांकडे बघितलं आणि मला विचारलं, ह्यांना काय झालंय. माझ्या तोंडून निघालं, "सर, ते जागा बघतायत." मालकांनी मान हलवली, पाहुण्यांना घेऊन भिंतीकडेने वळसा घातला आणि ते आत गेले. ट्रकही उभे राहिले. साहेब पाचेक मिनिटं तसेच होते.

उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर खडीचे वळ होते. इतके दिवस आपण उभ्याने बघत होतो, ते म्हणाले. खालून बघितलं की सगळं निराळं दिसतं. ट्रक मोठे दिसतात, पण ते एकाच वाटेने येतात, रोज, त्यांची तिला सवय आहे. आणि त्यांच्याच भीतीने कुत्री-मांजरं मधे पाऊल टाकत नाहीत. कुठूनही काही निघालं तरी तिला लांबूनच दिसतं. जिथे आडोसा नाही तिथे दुसऱ्यालाही आडोसा नाही. हे सांगताना ते इतके आनंदात होते की त्यांनी मधेच माझं कोपर धरलं. तीन पानांच्या त्या लेखाला स्वतःच्या हाताने चौथं पान जोडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

परब त्यांच्या शर्टावरची धूळ झटकत होते. ते म्हणाले, "साहेब, तिच्या पोटात अंडा होता. ती जागा बघीत फिरतली किती?"

परबांनी धूळ झटकून संपवली आणि ट्रकला हात केला. दुपारनंतर मी चहा घेऊन गेले तर साहेब म्हणाले की ठेव, आणि चहा तसाच राहिला.

रविवारी मी, काकू आणि साहेब मुलुंडला फ्लॅट बघायला गेलो. पहिला पाठीमागून उघडा होता. दुसरा दुसऱ्या मजल्यावर, अगदी रस्त्याच्या वळणावर. खाली रस्त्यापलीकडे बसस्टॉप, समोर सिग्नल, हॉलला दोन बाजूंनी खिडक्या. इतका उघडा फ्लॅट मी साहेबांबरोबरच्या सगळ्या फेऱ्यांत बघितला नव्हता. रस्त्यावरच्या माणसाला आपण दिसावं म्हणून बांधल्यासारखा. एजंटसुद्धा आधीच पडेल आवाजात बोलत होता. साहेब सवयीने एका कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसले. काकू दोन जिने चढून आल्या होत्या आणि घरात एकही खुर्ची नव्हती. त्यांनी पर्स खाली ठेवली, एका हाताने भिंतीचा आधार घेतला आणि हॉलमध्येच फरशीवर बसल्या. पाय लांब केले. पाण्याची बाटली काढून प्यायल्या. दोन्ही खिडक्यांतून वारा येत होता आणि त्यांचा पदर हलत होता.

साहेब कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "इथे बरं वाटतंय का तुला?"

"पाय दुखतायत," काकू म्हणाल्या.

साहेब उठले आणि एजंटला म्हणाले, "हाच." एजंटला ते खरं वाटेना, त्याने तिसरा फ्लॅट मागच्या गल्लीत आहे, शांत आहे, तो तरी बघून घ्या असा आग्रह धरला. साहेबांनी त्याला सांगितलं की माझी बायको बसली आहे. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या बाटलीचं झाकण लावत होत्या, आणि ते आटे चुकून चुकून तीनदा लावावं लागलं.

पिल्लं मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर आली. साहेब त्या दिवशी घराच्या कागदपत्रांसाठी रजेवर होते. चुन्याची रेष आखल्यापासून एकही ट्रक त्यांच्याशिवाय वळला नव्हता आणि नेमके तेव्हा ते नव्हते. तीन अंड्यांतली दोन फुटली, तिसरं तसंच राहिलं. कापसाच्या बोंडाएवढी दोन पिल्लं, लांब लांब पाय, अंग वाळतंय न वाळतंय तोच उभी राहिली आणि संध्याकाळच्या आत आईबापांच्या मागून भिंतीकडेने चालत नाल्याच्या बाजूला निघून गेली. मी आणि परब धक्क्यावरून बघत होतो. मी साहेबांना फोन केला. त्यांच्या मागे सरकारी कचेरीतला गोंधळ ऐकू येत होता. त्यांनी किती, कुठे, केव्हा असं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, बरं झालं. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, बरं झालं. मुदतवाढ त्यांना मिळाली नाही. त्याचा ते खडीवर पालथे पडले त्या दुपारशी काही संबंध होता का, हे मी मालकांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जूनअखेर साहेबांना आम्ही शाल आणि नारळ दिला, आणि ते रिक्षात बसून गेले.

काकू त्या घरात सहा-सात वर्षं राहिल्या. खिडकीशी बसून त्या बसस्टॉपवरच्या मुलांना ओळखायला लागल्या होत्या; परीक्षेच्या दिवसांत वरून विचारायच्या, पेपर कसा गेला. मागच्या वर्षीच्या आधीच्या थंडीत त्या गेल्या. मुलीने साहेबांना नाशिकला न्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. ते दर वेळी ऐकून घेतात आणि जात नाहीत.

मी वर्षातून दोनदा तरी जाते. गेल्या महिन्यात गेले तेव्हा बोलता बोलता सांगून टाकलं की कारखान्याच्या यार्डात आता सगळीकडे फरशीचे ठोकळे बसवलेत, खडी राहिली नाही. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले की मग ती दुसरीकडे बसत असेल, आणि चहात बिस्कीट बुडवलं. निघताना त्यांनी मला सांगितलं, स्टॉपवर गेलीस की खांबाच्या डावीकडे उभी राहा, उजवीकडे झाड आडवं येतं. मी खाली जाऊन खांबाच्या डावीकडे उभी राहिले. वर बघितलं तर दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, दिवा लागला होता, आणि ते मधोमध उभे होते. रस्त्यावरचं कोणीही त्यांना बघू शकलं असतं. त्यांनी हात वर केला, मी केला. बसला उशीर होत होता. दोघांनी इतका वेळ हात वर धरणं शोभेना म्हणून मी खाली केला, त्यांनी केला नाही. मग बस आली आणि मधे उभी राहिली. मी चढले, गर्दीतून वाट काढत पलीकडच्या खिडकीशी पोचले, तोवर सिग्नल सुटला होता.